पुडीतली पांढरी गोळी

दक्षिण कोरियातल्या तोंगयोंग बंदरामागच्या चढावर मालसुनचे केशकर्तनालय होते. दुकान लहान असले तरी बंदरावरच्या प्रौढ स्त्रियांपैकी बहुतेकींचे केस तिच्याच हातांनी कुरळे केलेले असत. कालव्यांचा, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचा, हंगाम सुरू झाला की सोलणकाम करणाऱ्या बायका पहाटेपासून कामावर जात आणि दुपारी तिच्याकडे येऊन, डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या बांधून, घटकाभर निवांत बसत. मालसुनचा पती दोकसू याने उभे आयुष्य समुद्रातल्या कालव्यांच्या तराफ्यांवर काढले होते. आता तराफे पुतण्याकडे सोपवून तो बंदरावरच्या बाकावर बसून इतरांच्या दोऱ्यांच्या गाठींना नावे ठेवीत असे. आयुष्यभर कालवे पिकवली, पण कच्चे कालव त्याने कधी जिभेवर ठेवले नाही. त्याचे यकृत जन्मापासूनच रोगग्रस्त होते.

आईच्या उदरातून येतानाच हिपॅटायटिस बी चा विषाणू दोघाही भावांनी बरोबर आणला होता. थोरल्या भावाला तो वेळेवर कळला नाही. तो गेला तेव्हा त्याचे अंग हळदीसारखे झाले होते आणि पोट पाण्याने भरले होते. त्याला पुसून काढण्याचे काम भावजय म्हणून मालसुनने केले होते. धाकट्याला मात्र रोग वेळीच कळला. विषाणूला बांधून ठेवणारी एक गोळी त्याला रोज झोपण्यापूर्वी, रिकाम्या पोटी घ्यावी लागे, आणि ती तो व्रतस्थासारखा घेत असे. रोग मात्र त्याने लोकांपासून लपवून ठेवला. पूर्वी मित्रमंडळींत दारूचा एकच पेला हातोहात फिरे; आपल्यापाशी आला की तो पोट बिघडल्याचे निमित्त काढी. औषधाच्या दुकानातून गोळ्या घेताना त्यांची नावे व चित्रे छापलेली बाहेरची पिशवी तो तेथेच टाकून देई आणि आतली पुड्यांची माळ तेवढी खिशात घालून घरी आणी. प्रत्येक वेळेच्या गोळ्या एकेका पारदर्शक पुडीत, आणि एक पुडी दुसरीला जोडलेली, अशी ती लांबलचक माळ असे. नाव नसलेल्या गोळीवरून रोग ओळखता येत नाही, एवढेच त्याला पुरेसे होते.

वसंतात त्याच्या छातीत कळ आली. शहरातल्या रुग्णालयात हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसवली गेली, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर कोलेस्टेरॉल उतरवणारी एक गोळी लिहून दिली. ती रोज झोपण्यापूर्वी, जन्मभर घ्यायची होती. मालसुनने त्या गोळीचे नाव ऐकले मात्र, तिला एक जुनी ताकीद आठवली. थोरल्या दिरावर उपचार करणाऱ्या गावातल्या जुन्या, आता दिवंगत, डॉक्टरांनी एकदा तिला बजावले होते की या घराण्यातल्या माणसाने यकृतावर भार टाकणारे कोणतेही औषध घेऊ नये, आणि कोलेस्टेरॉलचे तर मुळीच नाही. दुकानातल्या बायकांचेही तेच मत होते. टोपीखालून एकीने सांगितले की तिच्या चुलतसासऱ्याचे यकृत त्याच गोळीने सुकले. दुसरीने दूरदर्शनवर ऐकलेल्याची त्यात भर घातली.

मालसुनने हे सगळे यकृताच्या डॉक्टरांना विचारले होते. डॉक्टर ओ या शांत, मध्यमवयीन बाई होत्या. जुन्या काळी आम्हीसुद्धा भीत होतो, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. पण पुढे पुष्कळ रुग्ण पाहिल्यावर समजले, की यकृताचा विकार स्थिर असेल तर ही गोळी त्याला इजा करीत नाही. यकृत अगदी खचले असेल तेव्हा मात्र जपावे लागते, आणि दोकसूचे यकृत तसे नाही. जाळी बसवलेल्या हृदयाला तर या गोळीवाचून धोका आहे. सोलहून आलेली मुलगी मीरान हिनेही आईला पुन्हा पुन्हा हेच सांगितले. मालसुनने मान डोलावली. पण ज्या हातांनी तिने दिराचे अंग पुसले होते, त्या हातांना डॉक्टरांचे म्हणणे पटेना.

पुढच्या खेपेला दोकसू झोपण्यापूर्वीच्या पुड्यांची नवी माळ घेऊन आला तेव्हा प्रत्येक पुडीत दोन गोळ्या होत्या. एक गोल आणि पिवळी, वर्षानुवर्षे तिच्या पाहण्यातली. दुसरी पांढरी, तीन कोनांची, अनोळखी. घरात नवे कोण शिरले आहे हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दोकसू बंदरावर गेला असता तिने केस सरळ करण्याचा विजेचा चिमटा तापवला. पुडीची शिवण तिने अलगद ऊन केली, सुटलेल्या तोंडातून पांढरी गोळी काढून घेतली, आणि तीच शिवण त्याच चिमट्यात दाबून पुन्हा पक्की केली. केसांची इतकी वर्षे चाकरी केलेल्या बोटांना हे काम कठीण नव्हते. एकेक पुडी हातावेगळी होत होती तसतसे तिचे मन हलके होत होते. आपण पतीला फसवीत आहोत असे तिला वाटले नाही. वाटेतला काटा त्याला न सांगता बाजूला करावा, इतकेच हे आहे असे वाटले. काढलेल्या गोळ्या तिने जुनी औषधे टाकण्याच्या सार्वजनिक पेटीत नेऊन टाकल्या. उन्हाळा सरला, पुढच्या माळेचेही तिने तसेच केले, आणि पती रोज पुडी फाडून आतले निमूटपणे गिळताना पाहून ती समाधानाने दिवा मालवीत राहिली.

शरदात दोकसूची अन्नावरची वासना गेली. आंबवलेल्या सोयाबीनचे कढण, जे त्याला रोज लागे, ते त्याने वास येताच दूर सारले. चढ चढताना तो मध्येच भिंतीला टेकू लागला. रक्ततपासणीची वेळ आलीच होती. ती झाली आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णालयातून दूरध्वनी आला की दोघांनी त्वरित यावे.

डॉक्टर ओ यांनी कागद बराच वेळ पाहिला. यकृताला सूज आल्याचे दाखवणारे आकडे कित्येक पटींनी चढले होते. त्यांनी विचारले, काही काढे, मुळ्या, कोणी दिलेली पावडर? दोकसू म्हणाला की बायको इतकी धाकात ठेवते की आल्याचा तुकडासुद्धा तिच्या परवानगीने तोंडात जातो. दारू? त्याने हात जोडले. मग डॉक्टरांनी विचारले, की विषाणूची गोळी कधी चुकली होती का.

दोकसू खुर्चीत ताठ झाला. त्याच्या आयुष्यातली अभिमानाची ही एकच गोष्ट होती.

"डॉक्टरसाहेब, लग्नाचा वाढदिवस विसरलो असेन, पोरीचा जन्मदिवस विसरलो असेन, हिला विचारा, रोज ऐकवते. पण ती गोळी? एक दिवस नाही. जाळी बसवली त्या रात्रीसुद्धा नर्सकडे मागून घेतली." तो मालसुनकडे वळला. "सांग की. तुझ्यासमोरच घेतो ना मी?"

"नाही चुकले ते," मालसुन म्हणाली. "रोज घेतात. माझ्यासमोर."

ते अक्षरशः खरे होते.

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या की दोनच शक्यता उरतात. एक, विषाणूने या औषधाला दाद देणे सोडले असावे. त्यासाठी आजच वेगळे रक्त घ्यावे लागेल आणि कदाचित दुसरे, अधिक कडक औषध सुरू करावे लागेल. दुसरी शक्यता विरळा, पण कोलेस्टेरॉलच्या नव्या गोळीने यकृत दुखावले असणे. म्हणून तूर्त ती थांबवावी, हृदयाच्या डॉक्टरांशी आपण बोलू. मग त्यांनी पडदा दोघांकडे वळवला. त्यावर दोन गोळ्यांची चित्रे होती.

"घरातल्या पुड्यांमधून आज ही काढून टाका," त्या म्हणाल्या. "ही पिवळी, गोल. पांढरी तिकोनी तशीच राहू द्या, ती विषाणूची आहे. वसंतात तिची कंपनी बदलली. पूर्वी तीही पिवळीच होती, नाही का?"

"हो, दुकानातल्या बाई तसं काहीतरी म्हणाल्या होत्या," दोकसू म्हणाला. "मी म्हटलं, रंग काय असेना, गिळायचीच आहे."

मालसुनने पडद्याकडे पाहिले. पिवळी, गोल, ओळखीची. पांढरी, तिकोनी. ती नजर हटवायचा प्रयत्न करीत होती आणि हटत नव्हती. संपूर्ण उन्हाळा तिने आपल्या हातांनी चोराला घरात ठेवून राखणदाराला हाकलले होते. आणि चोर म्हणून जिला हिणवले तीही चोर नव्हती, कारण ती तर दोकसू रोज घेतच होता आणि तिच्यामुळे काही बिघडल्याचे चिन्ह नव्हते. बिघडले होते ते पांढरी नसल्यामुळे. हे सगळे तिला एका क्षणात कळले. परिचारिकेने दार उघडून पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले. दोकसूने उठून वाकून नमस्कार केला, तिनेही केला, आणि दोघे बाहेर आले.

रक्त देण्याच्या खोलीबाहेर निळ्या खुर्च्यांची रांग होती. दंडावर कापसाचा बोळा दाबून दोकसू तिच्याशेजारी येऊन बसला. आश्चर्य म्हणजे त्याचा चेहरा आता काहीसा उजळला होता. भीतीला नाव मिळाले की माणसाला बरे वाटते.

"मीरानची आई, तुझंच खरं निघालं बघ," तो म्हणाला. "पहिल्यापासून ओरडत होतीस, ती गोळी नको, ती गोळी नको. आम्ही शहाण्यासारखे हसलो."

तिने त्याचे बोलणे थांबवायला हवे होते. पण काय म्हणून थांबवणार? खरे सांगितले तर ज्याने एक दिवसही गोळी चुकवली नाही, त्याला कळेल की त्याने ती महिनोन्महिने घेतलीच नाही. न सांगावे तर डॉक्टर नसलेल्या शत्रूशी लढतील, कडक औषध देतील, हृदयाची गोळी थांबवतील. आणि घरी गेल्यावर तो कात्री घेऊन बसेल, पुडी फाडील, आणि काढायला सांगितलेल्या पिवळ्या गोळीशिवाय तिच्यात काहीच सापडणार नाही. दोन्ही दारे आतून बंद होती आणि कड्या तिनेच घातल्या होत्या. समोरच्या खिडकीतून इस्पितळाचे आवार दिसत होते. एक म्हातारी सलाइनची दांडी ढकलीत उन्हात फेऱ्या घालीत होती, त्याच त्या, वाफ्याच्या कडेकडेने.

दोकसूने मधल्या वेळात मुलीला फोन लावला होता. मालसुनला कळले तेव्हा तो अर्धे बोलूनही झाला होता. आईने सांगितले ते ऐकायला हवे होते, तू आणि डॉक्टर दोघी पुस्तकातल्या, आईने मात्र तुझ्या काकांना डोळ्यांदेखत जाताना पाहिले आहे, असे तो जरा चढ्या, जरा थट्टेच्या सुरात सांगत होता. मग तो थांबला, आणि फोन तिच्यापुढे धरीत हळूच म्हणाला, "रडतेय. तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

पलीकडून मीरानचा आवाज आला. तो लहानपणी ताप चढला असता येई तसा होता.

"आई, मी चुकले. मीच मागे लागले होते बाबांच्या. तू सांगत होतीस आणि मी तुला अडाणी म्हटलं. बाबांना काही झालं तर मी..."

आजवर मालसुनला वाटत आले होते की या मुलीने एकदा तरी आपले म्हणणे मान्य करावे. आता ते मान्य होत होते आणि प्रत्येक शब्द तिच्या अंगावर उकळत्या पाण्यासारखा पडत होता. एवढे मात्र तिला सोसवेना.

"मीरान, तू चुकली नाहीस," ती म्हणाली. शेजारी दोकसू बसला आहे हे ठाऊक असूनच म्हणाली. "रडू नकोस. बाबांच्या पुड्या मी उघडत होते. उन्हाळाभर. कोलेस्टेरॉलची म्हणून काढली ती विषाणूची होती. आत्ता कळलं मला, चित्र पाहून. ती पांढरी गोळी बाबांच्या पोटात गेलीच नाही."

दोकसूच्या दंडावरचा कापूस खाली पडला. त्याने तो उचलला नाही.

मग त्याने विचारले, "शिवण तर पक्की होती. कशी उघडलीस?"

"चिमट्यानं. दुकानातल्या."

त्याने एवढेच म्हटले, "हं." आणि तो उठला. तो निघून जाणार, बस पकडून एकटाच घरी जाणार असे तिला वाटले. पण तो सरळ डॉक्टर ओ यांच्या खोलीच्या दारापाशी गेला आणि परिचारिकेला म्हणाला की आम्हाला पुन्हा आत जायचे आहे, वेळ लागला तरी थांबू. ते उभे राहूनच थांबले. पुन्हा आत बोलावले गेले तेव्हा त्याने पत्नीला खुर्ची पुढे केली.

"हिचं काहीतरी आहे," तो डॉक्टरांना म्हणाला. "ती बोलेल. मी नाही."

मालसुनने सगळे सांगितले. दिराचे अंग, जुन्या डॉक्टरांचे शब्द, चिमटा, सार्वजनिक पेटी. डॉक्टर ओ रागावल्या नाहीत, आणि ते तिला अधिक जड गेले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि त्या म्हणाल्या की हे कळले ते बरे झाले. विषाणू औषधाला जुमानत नाही असे समजून आपण भलत्याच वाटेने गेलो असतो. तीच पांढरी गोळी आजपासून, आत्तापासून पुन्हा सुरू होईल. मात्र मोकळा सुटलेला विषाणू यकृताचे किती नुकसान करून थांबेल हे आज सांगता येत नाही, म्हणून दोकसूला दाखल व्हावे लागेल. पिवळीचा यात दोष दिसत नाही. तरी एवढी सूज असताना ती काही दिवस बंद ठेवू आणि यकृत शांत झाल्यावर पुन्हा देऊ.

"मला विचारायचं होतंत," एवढेच त्या शेवटी म्हणाल्या.

"विचारलं होतं," मालसुन म्हणाली. "तुम्ही सांगितलंही होतंत. माझाच विश्वास बसला नाही."

रुग्णालयात दोकसूचे डोळे पिवळे झाले, मग आणखी पिवळे झाले. मालसुनने दुकान बंद ठेवले आणि त्याच्या खाटेखालून बाहेर ओढायच्या बुटक्या बाकावर ती झोपू लागली. तो तिच्याशी बोलत असे, पण पाणी, पांघरूण, खिडकी याच्यापलीकडे नाही. बंदरावरून भेटायला आलेल्या मित्रांना त्याने प्रथमच आपला रोग नाव घेऊन सांगितला. ते का, हे तिला कळले नाही. एकाने विचारले की इतकी वर्षे सांभाळलेस, मग आता कसे उसळले. दोकसू छताकडे पाहत म्हणाला, "गोळी चुकली." ती कोणामुळे चुकली हे त्याने सांगितले नाही. मालसुन कोपऱ्यात नाशपाती सोलत होती. त्याने सांगितले असते तर तिला हलके वाटले असते.

हळूहळू आकडे उतरले. पोटात पाणी झाले नाही. कालव्यांचा हंगाम ऐन भरात असताना तो चढ चढून घरी आला. वाटेत दोनदा थांबला, पण भिंतीला टेकला नाही. घरी आल्यावर पुड्यांची माळ त्याने आपल्या कपड्यांच्या कपाटात ठेवली. झोपण्यापूर्वी तो स्वतःच पुडी फाडी, पांढरी गोळी उजेडात धरून निरखी आणि मगच गिळी. छापील पिशवी आता तो घरी आणीत असे. मालसुन तेवढा वेळ पाठमोरी होऊन अंथरूण घालीत राही.

थंडी सरता सरता डॉक्टर ओ यांनी पिवळी पुन्हा सुरू करायला सांगितली. यकृत शांत आहे, हृदयाला आणखी दिवस गोळीवाचून ठेवणे बरे नव्हे, असे त्या म्हणाल्या. आणि या वेळी हे सांगताना त्या दोकसूपेक्षा मालसुनकडेच अधिक पाहत होत्या.

त्या दिवशी जेवण होऊन बराच वेळ गेल्यावर दोकसूने नवी माळ काढली. एक पुडी तोडून त्याने ती मालसुनसमोर, खालून ऊब दिलेल्या जमिनीवर ठेवली आणि शेजारी कात्री ठेवली.

"काप," तो म्हणाला.

तिने पुडी कापली. दोन्ही गोळ्या त्याच्या पसरलेल्या तळहातावर पडल्या.

"आता मला भीती वाटते," तो म्हणाला. दाखल झाल्यापासून तो तिच्याशी इतके सरळ बोलला नव्हता. "डॉक्टरीणबाई सांगतात, पोरगी सांगते, ते सगळं ठीक आहे. मी त्यांच्या सांगण्यावरून नाही घेणार. तू सांगितलंस तर घेईन. नको म्हणालीस तर आत्ता बाजूला काढतो, कोणाला सांगणार नाही."

तिला वाटले होते की असा निर्णय आता पुन्हा कधी आपल्याकडे येणार नाही, आणि त्यात एक सुटकाही होती. थोरल्या दिराच्या दारातली ती चटई, ते पाण्याचे घमेले, पिळून काढलेले पिवळट फडके, सारे तिच्यासमोर उभे राहिले. त्यातले काहीही पुसले गेले नव्हते. दुसऱ्या बाजूला पडद्यावरची ती दोन चित्रे होती. तिने दोन्हींकडे पाहिले.

"घ्या," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"भीती गेली तुझी?"

"नाही."

दोकसूने दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी घेतले आणि रिकामी पुडी तिच्यासमोर उलटी करून, झटकून दाखवली.